अरोनियन विरुद्ध आनंद, वाइक आन झी २०१३: एक अख्खा हत्ती जास्त असताना पांढरा का हरला?

अडीचघरं यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि गेल्या वर्षापासून ती मन लावून बुद्धिबळ शिकते आहे. रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघे पट मांडतो आणि एखादा गाजलेला डाव सावकाश, एकेक चाल बोलून दाखवत खेळून पाहतो. या आठवड्यात १५ जानेवारी २०१३ चा, नेदरलँड्समधल्या वाइक आन झी येथील टाटा स्टील स्पर्धेच्या चौथ्या फेरीतला डाव घेतला होता. लेव्हॉन अरोनियन पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत होते आणि त्यांचे मानांकन तेव्हा २८०० च्या वर होते. काळ्या सोंगट्यांनी त्या वेळचे जगज्जेते विश्वनाथन आनंद खेळत होते. डाव तेविसाव्या चालीवर संपला. ज्यांना पट मांडून पाहायचा असेल त्यांच्यासाठी सगळ्या चाली देतो. प्रत्येक आकड्यापुढे आधी पांढऱ्याची आणि मग काळ्याची चाल आहे; घराचे नाव म्हणजे उभ्या ओळीचे (स्तंभाचे) अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा, नुसते घर लिहिले असेल तर ती प्याद्याची चाल, × म्हणजे सोंगटी मारली, आणि कॅसलिंग म्हणजे राजा व हत्ती एकाच चालीत हलवणे.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ ई६ ५. ई३ घोडा (बी) डी७ ६. उंट डी३ डी×सी४ ७. उंट×सी४ बी५ ८. उंट डी३ उंट डी६ ९. दोघांचेही राजाच्या बाजूला कॅसलिंग १०. वजीर सी२ उंट बी७ ११. ए३ हत्ती सी८ १२. घोडा जी५ सी५ १३. घोडा×एच७ घोडा जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उंट सी५ १६. उंट ई२ घोडा (डी) ई५ १७. उंट×जी४ उंट×डी४ शह १८. राजा एच१ घोडा×जी४ १९. घोडा×एफ८ एफ५ २०. घोडा जी६ वजीर एफ६ २१. एच३ वजीर×जी६ २२. वजीर ई२ वजीर एच५ २३. वजीर डी३ उंट ई३ आणि पांढऱ्याने डाव सोडला.

आम्ही एकोणिसाव्या चालीपर्यंत आलो आणि तिथेच अडलो. पांढऱ्याच्या घोड्याने एफ८ वरचा हत्ती मारला तेव्हा मुलीने बाहेर काढलेल्या सोंगट्या मोजल्या. प्यादी दोन्हीकडे पाच-पाच होती आणि पांढऱ्याकडे एक अख्खा हत्ती जास्त होता. एफ८ वर आलेला तो घोडा काळ्या राजाच्या अगदी शेजारी, कोणाच्याही आधाराशिवाय उभा होता. तरीही आनंद यांनी तो मारला नाही आणि शांतपणे एफ प्यादे दोन घरे पुढे सरकवले. "बाबा, राजाने घोडा का नाही मारला?" असे तिने विचारले, तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो, पण माझ्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. एकोणिसाव्या चालीला घोडा न मारता एफ५ का खेळले? सोळाव्या चालीला ई५ वर उघडा ठेवलेला घोडा पांढऱ्याने प्याद्याने का मारला नाही? आणि हा डाव आनंद यांनी घरूनच तयार करून आणला होता असे मी वाचले आहे. ते खरे असेल तर त्याला पटावरचा श्रेष्ठ डाव म्हणावे का? संगणकाने दिलेले आकडे मला नको आहेत. अकरा वर्षांच्या मुलीला समजावून सांगता येईल असे कारण मला हवे आहे.

---

कोपऱ्यातला_हत्ती यांचे उत्तर

मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि हा डाव दर वर्षी एकदा तरी वर्गात घेतो. तुमच्या मुलीला पडलेला प्रश्न वर्गातल्या बहुतेक मुलांना पडतो, आणि तो योग्य प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर द्यायला थोडे मागे, तेराव्या चालीपर्यंत जावे लागते.

पांढऱ्याच्या घोड्याने एच७ वरचे प्यादे मारले तेव्हा काळ्याने तो घोडा मारला असता, तर डी३ वरचा उंट शह देत एच७ वर आला असता आणि पांढऱ्याला एक प्यादे सुखासुखी मिळाले असते. त्याऐवजी काळ्याचा एफ६ वरचा घोडा जी४ वर गेला, आणि डी६ वरचा उंट व हा घोडा या दोघांची नजर एच२ वर रोखली गेली. आता पांढऱ्याला एच२ वाचवणे भाग होते, म्हणून त्याने एफ४ खेळून उंटाची वाट अडवली. मुलांना मी इथे थांबवतो आणि विचारतो की एफ प्यादे पुढे गेल्यावर मागे काय उघडे पडले? एफ२ रिकामे झाले. लगेच ई३ वरचे प्यादे डी४ वर मारायला गेले, म्हणजे ई३ देखील रिकामे झाले. सी५ पासून डी४, ई३, एफ२ अशी थेट जी१ पर्यंत जाणारी तिरकी वाट आता फक्त डी४ वरच्या एका प्याद्याने अडलेली होती. आनंद यांचा उंट पंधराव्या चालीला डी६ वरून सी५ वर का आला, ते इथे कळते. तो उंट प्याद्याने मारला असता तर डी७ वरचा घोडा सी५ वर येऊन पांढऱ्याच्या डी३ वरच्या उंटाच्या अंगावर गेला असता, आणि डी स्तंभ काळ्या वजिरासाठी मोकळा झाला असता.

सोळाव्या चालीचे उत्तर मात्र पटावर मांडूनच दाखवा, कारण ते पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात. ई५ वरचा घोडा एफ प्याद्याने मारला असे समजा. काळा वजीर डी४ वरचे प्यादे मारून शह देतो. राजा एच१ वर जातो. आता वजीर जी१ वर, राजाच्या अगदी शेजारी जाऊन शह देतो. राजा त्याला मारू शकत नाही, कारण सी५ वरच्या उंटाचा वजिराला आधार आहे. एफ१ वरच्या हत्तीला वजीर मारावाच लागतो, आणि हत्ती जी१ वर गेला की जी४ वरचा घोडा एफ२ वर येऊन मात करतो. राजाच्या शेजारच्या तिन्ही घरांत त्याचीच माणसे उभी आहेत आणि एफ२ वरच्या घोड्याला मारायला कोणीही नाही. सी२ वरच्या वजिराची वाट ई२ वर नुकत्याच आलेल्या त्याच्याच उंटाने अडवली आहे. मधे उंट ई३ वर घातला तरी वजीर तो मारतो आणि शेवट तोच होतो. त्यामुळे अरोनियन यांना ई५ वरचा घोडा सोडून जी४ वरचा मारावा लागला.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. एकोणिसाव्या चालीला राजाने एफ८ वरचा घोडा मारला असता, तर पांढरा वजीर सी२ वरून थेट एच७ वर आला असता. तिथून तो एच८ वर शह देण्याची धमकी देतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण एच स्तंभावर पहारा देतो. काळ्याला आपला वजीर एच४ वर आणून एच२ वर मात करायची आहे, पण एच७ वर पांढरा वजीर असेल तर एच४ वर गेलेला काळा वजीर मारला जाईल. घोडा न मारता वजीर लगेच एच४ वर नेला असता तरी पांढऱ्याने एच७ वर वजिराने शह देऊन वजिरांची अदलाबदल करून घेतली असती, कारण एफ८ वरच्या घोड्याचा एच७ ला आधार आहे.

एफ५ वरचे प्यादे एकाच वेळी दोन कामे करते. सी२ पासून एच७ पर्यंतची वाट ते बंद करते, आणि जी४ वरच्या घोड्याला आधार देते. ही वाट बंद झाल्यावर वजीर एच४ वर जाण्याची धमकी खरी ठरते. पांढऱ्याने घोड्याने ई६ वरचे प्यादे मारून काळ्या वजिरावर चाल केली असती, तर वजीर एच४ वर गेला असता. मग एच३, वजीर जी३, आणि एच प्याद्याने घोडा मारला की वजीर परत एच४ वर येऊन मात. म्हणूनच अरोनियन यांनी घोडा जी६ वर नेला, कारण तिथून तो एच४ सांभाळतो. त्यावर आनंद यांचा वजीर एफ६ वर आला आणि घोड्यावर चालून गेला. पांढऱ्या घोड्याने ई७ वर येऊन राजाला शह देत सी८ वरचा हत्ती उचलायची वाटही तिथून बंदच राहते.

तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाबद्दल एक गोष्ट सांगतो. मुलीला पांढऱ्याच्या तेवीस चाली कोणकोणत्या सोंगट्यांनी केल्या ते मोजायला सांगा. राजाच्या बाजूच्या एका घोड्याने पाच चाली केल्या आणि तो मारला गेला. पांढऱ्या घरांवरच्या उंटाने पाच चाली केल्या आणि तोही मारला गेला. सी१ वरचा उंट आणि ए१ वरचा हत्ती शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. जो हत्ती जास्त आहे असे आपण म्हणतो, तो ए१ वर बसून होता आणि लढाई जी१, एच२, एच३ या घरांवर चालली होती.

---

अडीचघरं

सर, आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. जी१ वर वजीर देऊन घोड्याने होणारी मात मुलीने आज चार वेळा मांडून पाहिली. ई३ वर उंट घालून वाचवण्याचा प्रयत्नही तिने केला आणि आपण म्हणता तसा तो फसला.

पण तिची एक शंका अजून उरली आहे. बाविसाव्या चालीला जी४ वरचा घोडा पांढऱ्याच्या एच३ वरच्या प्याद्याच्या तोंडात उभा होता. तो अरोनियन यांनी का मारला नाही? आणि शेवटच्या चालीला, उंट ई३ वर गेल्यावर पांढऱ्याने लगेच डाव सोडला, तिथे नेमके काय अटळ होते? तिला त्या ठिकाणी आणखी तीन-चार चाली तरी व्हायला हव्या होत्या असे वाटते.

---

जुने_डाव यांचे उत्तर

शेवटच्या शंकांचे उत्तर वर लिहिणारे सर माझ्यापेक्षा चांगले देतील. मला तयारीबद्दल लिहायचे आहे, आणि त्यासाठी शंभरहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

१९०७ मध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या वूच या पोलिश शहरात गेऑर्ग रोटलेव्ही आणि अकिबा रुबिन्स्टाइन यांच्यात एक डाव झाला. रुबिन्स्टाइन काळ्या सोंगट्यांनी खेळत होते आणि तो डाव पंचवीस चालींत संपला. तो डाव आनंद यांच्या डावाशेजारी मांडून पाहा. दोन्ही डावांत काळ्याचा एक उंट बी७ वर आहे आणि त्याची नजर लांबच्या कर्णावरून जी२ व एच१ कडे लागली आहे. दोन्ही डावांत पांढऱ्याने एफ४ खेळून स्वतःच्या राजासमोरची तिरकी वाट उघडी केली. दुसऱ्या उंटाने जी१ च्या रोखाने शह दिल्यावर दोन्ही डावांत राजा एच१ च्या कोपऱ्यात गेला, आणि काळ्याचा घोडा जी४ वर येऊन बसला. रुबिन्स्टाइन यांनी त्यानंतर सी३ वरच्या घोड्यासाठी हत्ती दिला, वजीर प्याद्याच्या तोंडी उभा असताना तो तसाच सोडला, दुसरा हत्ती डी२ वर नेऊन ठेवला आणि शेवटी पहिला हत्ती एच३ वर नेला. मी तो डाव शाळेत असताना एका वहीत उतरवून घेतला होता आणि त्यातली बाविसावी चाल लिहिताना मला ती चुकीची छापली गेली आहे असेच वाटले होते.

या दोन डावांचा संबंध दिसण्यापुरताच आहे असेही नाही. आनंद यांनी सहाव्या आणि सातव्या चालीला डी प्याद्याने सी४ मारून बी५ खेळण्याची जी पद्धत वापरली, तिला मेरान म्हणतात. इटलीच्या उत्तरेकडील मेरान या गावी १९२४ साली झालेल्या स्पर्धेत रुबिन्स्टाइन यांनी एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांच्याविरुद्ध ती यशस्वी करून दाखवली, आणि गावाचे नाव तिला चिकटले.

आता तयारी. ही कल्पना मे २०१२ मध्ये मॉस्को येथे बोरिस गेल्फांड यांच्याविरुद्ध झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यासाठी शोधली होती, असे आनंद यांनी स्वतः सांगितले आहे. त्या सामन्यासाठी त्यांच्यासोबत पीटर हाइन नील्सन, रुस्तम कासिमझानोव्ह, राडोस्लाव्ह वोयताशेक आणि कोलकात्याचे सूर्यशेखर गांगुली हे साहाय्यक होते. म्हणजे या डावाच्या पहिल्या भागामागे अनेक माणसांचे महिनोन्‌महिन्यांचे काम आहे. मला प्रामाणिकपणे वाटते की यामुळे डावाचा काही भाग आनंद यांच्या एकट्याच्या नावावर जमा करता येत नाही. रुबिन्स्टाइन यांच्याकडे ना संगणक होता ना साहाय्यकांचे पथक. दोन्ही डाव तितकेच देखणे असले तरी माझ्या मनात १९०७ चा डाव वरच्या पायरीवर आहे, आणि हे मी आनंद यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो आहे.

---

समुद्रवारा यांचे उत्तर

मी बारा वर्षांपासून नेदरलँड्समध्ये राहतो. २०१३ ची ती फेरी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण नंतरच्या काळात वाइक आन झीला दोनदा जाऊन आलो आहे, म्हणून त्या जागेबद्दल थोडे लिहितो.

उत्तर समुद्राच्या काठचे ते लहानसे गाव आहे आणि पोलाद कारखान्याची धुराडी तिथून दिसतात. ही स्पर्धा १९३८ मध्ये शेजारच्या बेव्हरवाइक येथे सुरू झाली, १९६८ मध्ये वाइक आन झीला आली, आणि २०१३ ची स्पर्धा पंचाहत्तरावी होती. जगातले पहिल्या दहांतले खेळाडू ज्या सभागृहात खेळतात, त्याच सभागृहात शेकडो हौशी खेळाडूही आपापले डाव खेळत असतात. मी गेलो तेव्हा शिक्षक, निवृत्त कामगार आणि शाळकरी मुले यांच्या रांगांच्या पलीकडे, दोरीच्या आड ग्रँडमास्टर बसलेले होते, आणि इतकी माणसे असूनही ऐकू येत होता तो फक्त घड्याळाची कळ दाबल्याचा आवाज.

हे सांगण्याचे कारण असे की तयारीचा प्रश्न आपण पडद्यासमोर बसून विचारतो. तिथे दोरीच्या आड बसलेल्या माणसाला पटावरची सोंगटी विचार करताना हलवता येत नाही. समोरचा माणूस बारावी चाल सी५ झटकन खेळला तर ती तयारी आहे की धाडस, हेही त्याला ओळखावे लागते. अरोनियन यांनी तेराव्या चालीला एच७ वरचे प्यादे मारले तेव्हा ते भ्याले असते तर हा डावच झाला नसता. त्यांच्या वाट्याला फक्त पराभव लिहून मोकळे होऊ नये असे मला वाटते. या स्पर्धेत पुढे मॅग्नस कार्लसन यांनी १३ पैकी १० गुण मिळवून कास्पारोव्ह यांच्या १९९९ च्या गुणांशी बरोबरी केली, पण मला भेटलेल्या स्थानिक माणसांच्या बोलण्यात त्या वर्षाचा विषय निघाला की आधी हाच डाव निघतो.

---

कोपऱ्यातला_हत्ती

आधी मुलीच्या दोन्ही शंका, कारण मूळ प्रश्न तिचा आहे.

बाविसाव्या चालीला एच प्याद्याने जी४ वरचा घोडा मारला, तर एच स्तंभ राजासमोर पूर्ण उघडा होतो. काळा वजीर जी६ वरून एच६ वर येतो आणि तीच मात असते. राजाला जी१ वर जाता येत नाही, कारण डी४ वरचा उंट जी१ धरून आहे. मधे घालायला एकही सोंगटी वेळेवर पोचत नाही. म्हणून घोडा प्याद्याच्या तोंडात असूनही सुरक्षित होता.

त्यानंतर काळा वजीर एच५ वर गेला, आणि या साध्या दिसणाऱ्या चालीत मला या डावातली सगळ्यात बारीक कारागिरी दिसते. एच५ वरून वजीर एच३ वरच्या प्याद्याला जखडतो, कारण ते हलले तर राजाला शह बसतो. म्हणजे आता घोडा मारणे नियमानेच अशक्य झाले. शिवाय एच५, जी४, एफ३, ई२ ही एकच तिरकी रेषा आहे. त्या रेषेच्या एका टोकाला काळा वजीर आहे, दुसऱ्या टोकाला पांढरा वजीर आहे आणि मधे काळ्याचा घोडा आहे. मधला घोडा हलला की दोन्ही वजीर समोरासमोर येतात. अरोनियन यांनी वजीर ई२ वरून काढला आणि तो डी३ वर नेला. तिथून तो तिसऱ्या ओळीवरून एच३ सांभाळतो आणि डी४ वरच्या उंटावरही चालून जातो. बचाव म्हणून ही चाल वाजवी आहे.

आणि मग उंट ई३. तो उंट डी३ आणि एच३ यांच्या बरोबर मधे येऊन उभा राहतो आणि वजिराची नजर तोडतो. आता धमकी अशी आहे की काळा वजीर एच३ वरचे प्यादे मारेल. जी२ वरचे प्यादे त्याला मारू शकत नाही, कारण बी७ वरच्या उंटाने त्याला राजाशी जखडून ठेवले आहे. जी१ हे घर ई३ वरच्या उंटाने धरले आहे. म्हणजे ती मातच आहे. पांढऱ्याने उंटाने ई३ वरचा उंट मारला तर त्याचाच उंट त्याच घरात उभा राहून त्याच्याच वजिराची वाट अडवतो. वजीर एच३ मारून शह देतो, राजा जी१ वर जातो आणि वजीर जी२ मारून मात करतो. वजिराने उंट मारला तर घोडा वजीर घेतो, आणि पांढऱ्याने तो घोडा उंटाने मारला तरी एच३ वर शह आणि जी२ वर मात ठरलेलीच आहे. मुलीला सांगा की त्यांनी चार चाली वाचवल्या नाहीत, त्या चाली त्यांनी मनात खेळून पाहिल्या आणि मग हात पुढे केला.

एक आणखी गंमत तिला दाखवा. काळ्या घरांवरच्या या उंटाने डाव सुरू झाल्यापासून चार चाली केल्या: डी६, सी५, डी४ आणि ई३. आधी एच२ कडे पाहिले, मग जी१ कडे वळला, मग प्यादे मारत एक घर पुढे सरकला, आणि शेवटी आणखी एक घर पुढे जाऊन थांबला. बी७ वरच्या दुसऱ्या उंटाने मात्र संपूर्ण डावात एकच चाल केली आणि तरीही शेवटची मात त्याच्याशिवाय होत नाही.

आता 'जुने_डाव' यांच्या म्हणण्याबद्दल. रुबिन्स्टाइन यांचा डाव मीही शिकवतो आणि त्याच्या थोरवीबद्दल आपल्यात मतभेद नाही. तयारीचे श्रेय साहाय्यकांसह वाटून घ्यायला हवे हेही मला मान्य आहे. पण मला एका मुद्द्यावर आपल्याशी सहमत होता येत नाही. तयारी ही घरात ठेवलेली शिदोरी असेलही, पण ती मे २०१२ मध्ये बांधली होती आणि उघडली गेली जानेवारी २०१३ मध्ये, वेगळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर. मधल्या आठ महिन्यांत शेकडो इतर फांद्यांचा अभ्यास करून झालेल्या माणसाला पटासमोर बसल्यावर एवढेच आठवते की इथे काहीतरी आहे. ते काय आहे आणि का आहे, हे त्याला पुन्हा शोधून काढावे लागते. माझ्या वर्गातली मुले ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा चाली पाठ करून येतात आणि सोळाव्या चालीला प्रतिस्पर्धी वेगळे खेळला की घाबरून माझ्याकडे पाहतात. पाठ केलेली चाल आणि समजलेली चाल यांतले अंतर मला तिथे रोज दिसते, आणि एकोणिसाव्या चालीला एफ५ खेळणाऱ्या माणसाला ती चाल समजलेली होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मेरानच्या वाटेने जाताना रुबिन्स्टाइन यांनी जी उंटांची जोडी आपल्याला दाखवून ठेवली, तीही एका अर्थाने आनंद यांची तयारीच होती.

---

जुने_डाव

आपण म्हणता ते मी पट मांडून पुन्हा पाहिले. एच५ वरच्या वजिराचा दुहेरी उपयोग, म्हणजे प्यादे जखडणे आणि ई२ वरच्या वजिरावर दबा धरणे, माझ्या लक्षात इतकी वर्षे आला नव्हता. मी त्याकडे फक्त एच३ वरचा दबाव म्हणून पाहत होतो. १९०७ च्या डावाबद्दलचे माझे मत कायम आहे, पण २०१३ च्या डावाचा उत्तरार्ध मी घाईने वाचला होता हे कबूल करतो.

---

अडीचघरं

सर्वांचे आभार. काल रात्री आम्ही शेवटची स्थिती मांडली, आणि ई३ वरचा उंट पांढऱ्याने उंटाने मारला तर काय होते हे मी मुलीला आधी सांगितले नाही. तिने स्वतः पांढऱ्याचा उंट ई३ वर ठेवला, मग पांढऱ्या वजिरावर बोट ठेवून ते तिसऱ्या ओळीने एच३ कडे नेऊ लागली, आणि आपल्याच उंटावर बोट अडल्यावर थांबली. "आपलाच उंट मधे येतो," असे म्हणून तिने उंट परत सी१ वर ठेवला आणि वजिराने उंट मारून पाहिला.

त्यानंतर तिने एकोणिसाव्या चालीची स्थिती पुन्हा मांडली, काळ्याच्या बाजूला येऊन बसली आणि मला पांढरे घ्यायला सांगितले. तिने एफ५ खेळल्यावर मी मुद्दाम घोड्याने ई६ मारले. तिने वजीर एच४ वर आणला, मी एच३ खेळलो, आणि ती बराच वेळ पटाकडे पाहत राहिली. मी काही सुचवले नाही. तिने वजीर जी३ वर ठेवला. पुढच्या आठवड्यात रोटलेव्ही आणि रुबिन्स्टाइन यांचा डाव मांडणार आहोत.